माइनक्राफ्टमधलं चित्रदालन: आधी १२८ ठिपके, मग भिंती

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनालयात येणाऱ्या वीस मुलांनी तान्ह्या पोळ्याची चित्रं काढली आहेत आणि त्यांचं दालन माइनक्राफ्टमध्ये (ब्लॉक म्हणजे ठोकळे रचून जग उभारायच्या खेळात) उभारायचं आहे. हाताशी चार अँड्रॉइड फोन आहेत, गावात रेंज जेमतेम आहे, आणि तयार दालन शेजारच्या गावांतल्या मुलांनाही फिरून बघता यायला हवं. सोबत तुम्ही इमारतीचा आराखडा दिला आहे: कवेलूचं छप्पर, ओसरी, मधोमध चौक. आराखडा चांगला आहे, पण सुरुवात तिथून करू नका. भिंती दोन दिवसांत उभ्या राहतात. खरं काम चित्रांचं आहे, आणि ते चुकलं तर इमारत कितीही देखणी झाली तरी आत बघण्यासारखं काही उरत नाही.

फोनवरच्या आवृत्तीला बेडरॉक म्हणतात. तिच्यात स्वतःचं चित्र भिंतीवर आणायचे दोन मार्ग आहेत. पहिला रिसोर्स पॅकचा. खेळातल्या तयार चित्रांच्या जागी आपल्या प्रतिमा बसवायच्या आणि तो पॅक जगासोबत द्यायचा. चित्रं जास्त स्पष्ट येतात, पण चित्रांच्या फाइलींची रचना आवृत्तीनुसार बदलते, प्रत्येक पॅकला स्वतःचा वेगळा ओळख-क्रमांक लागतो (जुन्याची नक्कल केली तर खेळ 'डुप्लिकेट' म्हणून नाकारतो), आणि बघणाऱ्याच्या फोनवर पॅक चढला नाही तर त्याला मुलांच्या चित्रांऐवजी खेळातली नेहमीचीच चित्रं दिसतात. दुसरा मार्ग नकाशाचा. जमिनीवर रंगीत ब्लॉक मांडून चित्र तयार करायचं, खेळातल्या कोऱ्या नकाशावर ते उमटवायचं आणि नकाशा चौकटीत घालून भिंतीला लावायचा. यात वेगळं काहीच चढवावं लागत नाही, चित्र जगाच्या फाइलीतच राहतं आणि ते मुलांनी स्वतःच्या हातांनी मांडलेलं असतं. तुमच्यासाठी हाच मार्ग घ्या.

आता १२८ चा हिशोब. सर्वांत लहान मापाचा नकाशा १२८ × १२८ ब्लॉकचा तुकडा दाखवतो. एक ब्लॉक म्हणजे एक ठिपका, एकूण १६,३८४. ड्रॉइंगच्या परीक्षेला वापरतात तो पाव इम्पीरियल कागद १५ × ११ इंचांचा असतो. तो आडवा धरून १२८ ठिपके रुंदीत बसवला तर उंचीला ९४ ठिपके लागतात. म्हणजे कागदावरचे जवळजवळ ३ मिलिमीटर खेळात एका ठिपक्यात येतात. हा आकडा मुलांना आधी सांगा, कारण निम्मी चित्रं इथेच फसतात. स्केचपेनची रेघ साधारण १ मिलिमीटरची. लहान करताना ती शेजारच्या पांढऱ्यात मिसळते आणि फिकट राखाडी डाग होऊन बसते. बैलाचे डोळे, कासरा, झुलीवरची नक्षी सगळं विरघळतं. महत्त्वाची प्रत्येक रेघ निदान ५ ते ६ मिलिमीटर जाड हवी. चित्र पूर्ण झालं असेल तर मूळ कागदाला हात लावू नका. त्याचा फोटो घेऊन फोनवर त्यावरूनच जाड रेघा ओढा.

गोंडी शैलीत काढलेल्या चित्रांचा विचार वेगळा करावा लागतो. त्या शैलीचा जीव आतल्या बारीक ठिपक्यांत आणि तुटक रेघांत असतो, आणि नेमक्या त्याच ३ मिलिमीटरपेक्षा लहान असतात. पूर्ण बैल एका नकाशात कोंबण्यापेक्षा फक्त त्याचं डोकं आणि शिंगं घ्या, म्हणजे भरणीला जागा मिळते. नाहीतर चार नकाशे जोडून २ × २ चं चित्र करा. त्याला ६५,५३६ ब्लॉक लागतात, तेव्हा अशी एक-दोनच निवडा. झाडीपट्टीच्या नाटकातल्या पडद्याएवढं भव्य चित्र कुणी मागेलच. ३ × २ नकाशांचा हिशोब ९८,३०४ ब्लॉकवर जातो हे दाखवा आणि तो बेत पुढच्या वर्षासाठी ठेवा.

फोटो काढताना कागद ओसरीत, सावलीत, सपाट पाटावर ठेवा. थेट ऊन पडलं की कागद एका बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने पिवळा येतो, मग रंग निवडताना एकाच झुलीचे चार रंग होतात. फ्लॅश बंद. फोन कागदाला समांतर धरा, थोडं वरून आणि दुप्पट झूम करून घ्या, म्हणजे कडा बाहेर वाकत नाहीत. नंतर चारही कडांवर कापून १२८ × ९४ वर आणा. शाळेत किंवा सेवा केंद्रात संगणक मिळाला तर गिंप हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं: आधी आकार लहान करा, मग 'मोड'मध्ये 'इंडेक्स्ड' निवडून रंग १० ते १२ वर आणा. तिथे 'डिदरिंग' बंद ठेवायचं. ते चालू राहिलं तर दोन रंगांचे ठिपके आळीपाळीने विखुरले जातात. संगणकाला ते सोपं, पण हाताने मांडणाऱ्या मुलाला प्रत्येक ब्लॉकला रंग बदलावा लागतो आणि तो पहिल्याच दिवशी कंटाळतो.

रंगांसाठी काँक्रीटच्या ब्लॉकचे १६ आणि टेराकोटाच्या (भाजलेल्या मातीच्या) ब्लॉकचे १६ रंग हे मुख्य भांडार. काँक्रीटचे रंग भडक, टेराकोटाचे मातकट. बैलाच्या अंगासाठी, मातीसाठी, माणसांच्या कातडीसाठी टेराकोटाच हवा. जंगल लाकडाच्या फळ्या नकाशावर मातीसारख्या तपकिरी उमटतात, त्याही कामाच्या आहेत. गवत, पानं आणि पाणी चित्रात वापरू नका. बेडरॉकमध्ये त्यांचा नकाशावरचा रंग त्या भागाच्या हवामानानुसार बदलतो, आणि पाण्याची छटा खोलीवरही अवलंबून असते. काँक्रीट पावडर आणि काँक्रीट यांत मुलं हमखास गोंधळतात. पावडरखाली आधार नसेल तर ती खाली पडते. म्हणून पेटीतून पावडर काढूनच टाका.

एक गोष्ट समजून घेतली नाही तर 'आमचा पांढरा मळका का दिसतो' हा प्रश्न येणारच. नकाशा प्रत्येक ब्लॉकची उंची त्याच्या उत्तरेकडच्या ब्लॉकशी ताडतो. उत्तरेकडच्यापेक्षा उंच असेल तर छटा उजळ, सारखा असेल तर मधली, खाली असेल तर गडद. सपाट मांडलेलं अख्खं चित्र मधल्या छटेत येतं, त्यामुळे शुद्ध पांढरा २५५ ऐवजी २२० वर उतरतो (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा). पायऱ्या चढवत नेऊन उजळ छटा मिळवता येते आणि अनुभवी लोक तसंच करतात, पण चार फोन आणि वीस मुलं असताना तो मार्ग नको. त्यापेक्षा चित्राभोवती काळी किंवा गडद तपकिरी रेघ द्या. शेजारी गडद असलं की डोळा २२० ला पांढराच मानतो. या नियमाचा दुसरा फटका पहिल्या ओळीला बसतो. चित्र गवताच्या वर एक थर म्हणून मांडलं तर सगळ्यांत उत्तरेची ओळ तिच्या मागच्या गवतापेक्षा उंच ठरते आणि एकटीच चकाकते. म्हणून वर थर चढवू नका, गवताचाच थर काढून त्या पातळीत काँक्रीट बसवा.

जग नवं करा: सपाट, क्रिएटिव्ह (ब्लॉक हवे तेवढे मिळतात तो प्रकार), चीट्स (लिहून आज्ञा द्यायची मुभा) चालू, काठिण्यपातळी 'पीसफुल', कोऑर्डिनेट्स (जागेचे आकडे) दाखवणं चालू. दिवस-रात्रीचं चक्र, पाऊस, आग पसरणं, प्राणी-राक्षस उपजणं हे सगळं सेटिंगमधून बंद करा. नकाशाचे तुकडे ठरलेल्या जाळीत पडतात, तुम्ही उभ्या असाल तिथून नाही. मधला तुकडा दोन्ही दिशांना उणे ६४ पासून ६३ पर्यंत, त्याच्या शेजारचा ६४ पासून १९१ पर्यंत. चार कोपऱ्यांवर चार लाल ब्लॉक ठेवून नकाशा उघडा. चारही अगदी कडेला दिसले तरच पुढे जा. एका ओळीने चुकलेलं चित्र नंतर सरकवणं फार त्रासाचं आहे. इमारत या तुकड्याच्या बाहेर हवी, कारण नकाशा वरून बघतो आणि सगळ्यांत वरचा ब्लॉकच टिपतो. मधेच विसरलेला एखादा ब्लॉक चित्रात ठिपका म्हणून राहतो.

पांढरी जमीन हाताने मांडू नका, सांगितलेली जागा एकदम भरणारी 'फिल' आज्ञा वापरा. एका आज्ञेत ३२,७६८ ब्लॉकची मर्यादा आहे आणि १२८ × १२८ चे बरोबर दोन थर तेवढेच होतात, म्हणजे एक थर आरामात बसतो. पण साध्या फोनवर आज्ञा बहुतेक वेळा अर्धवट अडते, कारण तुकड्याचे लांबचे कोपरे मेमरीत चढलेलेच नसतात. 'टिकिंग एरिया' आज्ञेने तो भाग कायम जागा ठेवता येतो. एका क्षेत्रात १०० चंक (खेळ जग ज्या चौकोनी तुकड्यांत चढवतो ते) चालतात आणि आपला तुकडा ८ × ८ म्हणजे ६४ चंकांचाच आहे. काम संपल्यावर हे क्षेत्र काढून टाका, नाहीतर फोन विनाकारण तापतो.

याच चंकांमुळे कामाची वाटणी सोपी होते. एक चंक १६ × १६ ब्लॉकचा आणि नकाशाची कड चंकाच्या कडेशी जुळते. उंचीत वरचे १६ आणि खालचे १६ ठिपके मोकळे सोडा. मधे ९६ उरतात: ९४ चित्राचे, वर एक आणि खाली एक गडद रेघेचा. म्हणजे प्रत्यक्ष चित्र ८ × ६, ४८ चौकोनांत बसतं. वीस मुलांना दोन-दोन दिले की आठ उरतात, ते पटाईत मुलांना द्या. प्रत्येकाने चौकटीच्या वहीत आपला १६ × १६ चा चौकोन आधी उतरवायचा, प्रत्येक घरात रंगाचं पहिलं अक्षर लिहायचं, आणि फोन हातात आल्यावर ते बघून मांडायचं. चार फोनवर वीस मुलं असताना वहीचं हे काम सर्वाधिक वेळ वाचवतं. शिवाय लाइट गेली, फोन चार्जिंगला लागले तरी काम थांबत नाही. वहीवर चौकोनाचा क्रमांक आणि वरची बाजू म्हणजे उत्तर अशी खूण करून घ्या. वही उलटी धरून मांडलेला चौकोन चित्रात लगेच दिसतो, पण तो कुणी मांडला हे मग सापडत नाही.

खालच्या १६ ओळींत चित्रकाराचं नाव लिहा. खेळातल्या पाटीवर मराठी लिहून बघा. जोडाक्षरं सुटली किंवा वेलांटी भलतीकडे गेली तर पाटीचा नाद सोडा आणि नाव ब्लॉकनेच काढा. ४ ठिपके वरच्या मात्रेला, १ शिरोरेषेला, ७ अक्षराच्या अंगाला, ३ खालच्या उकाराला, असे १५ होतात. अक्षराची रुंदी ८-९ ठिपके धरली तर ओळीत चौदाएक अक्षरं मावतात. वरची पट्टी तोरण काढायला उत्तम आहे.

चित्र मांडून झालं की कोरा नकाशा घ्या. बेडरॉकमध्ये दोन प्रकार मिळतात, साधा आणि 'लोकेटर'. साधाच घ्या, लोकेटरवर खेळाडूंच्या खुणा चित्रावर येतात. नकाशा हातात धरून पूर्ण तुकड्यावरून फिरा. फोनवर दृष्टीचं अंतर ५ चंक असेल तर ८० ब्लॉकच दिसतात आणि मध्यापासून कोपरा जवळपास ९० ब्लॉक लांब असतो, म्हणून मधोमध उभं राहून कोपरे भरत नाहीत. भोक उरलं नाही याची खात्री करा. मग नकाशा-टेबलावर नकाशा आणि काचेचा पातळ तुकडा (ग्लास पेन) एकत्र ठेवा, नकाशा कुलूपबंद होतो. हे केलं नाही तर नंतर जमिनीवर झालेला बदल नकाशात शिरू शकतो. कुलूपबंद नकाशाची कोऱ्या नकाशासोबत एक प्रत करून ती वेगळ्या पेटीत ठेवा. मूळ चौकटीत लावून बघा, ठीक दिसला तरच जमीन पुसून त्याच जागी पुढचं चित्र सुरू करा. एकच जमीन वापरली की जगाची फाइल लहान राहते, आणि तुमच्यासाठी ते महत्त्वाचं आहे. एखाद्या चित्रात दुरुस्ती लागेल असं वाटत असेल तर पुसण्याआधी स्ट्रक्चर ब्लॉकने (मांडलेल्या भागाची नक्कल साठवणाऱ्या ब्लॉकने) जपून ठेवा. त्याची मर्यादा ६४ × ६४, म्हणून एका चित्राचे चार तुकडे होतील.

आता इमारत. चौकटीतला नकाशा भिंतीवर फक्त एका ब्लॉकची जागा घेतो. १६,३८४ ब्लॉकचं चित्र एवढंसं होतं हे मुलांना आधी सांगून ठेवा. त्यामुळे मोठं सभागृह नको, अरुंद ओसरी हवी. ७२० ओळींच्या स्क्रीनवर साधारण चार ब्लॉकच्या आत उभं राहिलं तरच प्रत्येक ठिपक्याला स्वतःची जागा मिळते, दोन ब्लॉकवर चित्र छान वाचता येतं. वाट तीन ब्लॉक रुंद ठेवा आणि चित्रं एकाच बाजूला. खेळाडूचा डोळा जमिनीपासून १.६२ ब्लॉक उंच असतो, म्हणून चौकट दुसऱ्या ब्लॉकवर. दोन चित्रांमध्ये निदान तीन ब्लॉक मोकळे सोडा. चिखलाच्या विटा आणि कवेलूसाठी विटांच्या पायऱ्या हे तुमचं साहित्य शोभेलच, पण मातकट भिंतीवर मातकट बैल हरवतो. प्रत्येक चौकटीमागे ३ × ३ चा पांढरा चुन्यासारखा पट्टा द्या, कॅल्साइट किंवा गुळगुळीत क्वार्ट्झचा. चौकटी 'ग्लो' प्रकारच्या घ्या. त्यांतलं चित्र अंधारातही उजळ राहतं आणि दिव्यांची जुळवाजुळव करावी लागत नाही.

वीस चित्रं एका नजरेत दिसतील अशी मांडू नका. चौकाभोवती चार ओसऱ्या आणि प्रत्येकीत पाच, कोपऱ्यावर भिंत, म्हणजे फोनला एका वेळी थोडंच दाखवावं लागतं. प्रवेशाची जागा पहिल्या ओसरीत ठरवून टाका. मधला चौक मोकळा ठेवून तिथे एकाच चित्राचं शिल्प करावं असं माझं मत आहे: लाकडाचा बैल, चाकांसकट, पाच-सहा ब्लॉक उंच. लंडनच्या टेट संग्रहालयाने २०१४ मध्ये माइनक्राफ्टमध्ये अशीच चित्रं उभारली होती, ज्यांच्या आत शिरून फिरता येतं. मुलांना चित्राभोवती फिरायला मिळालं की ती पुन्हा भिंतीवरच्या चित्रांकडे जास्त लक्ष देऊन बघतात.

वाटण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही करा. पहिला, जागेवर दाखवणं. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा, जगाच्या सेटिंगमध्ये 'लॅन खेळाडूंना दिसू दे' (लॅन म्हणजे एकाच वायफायला जोडलेले फोन) चालू ठेवा, बाकीचे फोन त्याच हॉटस्पॉटला जोडा. इंटरनेटची गरज पडत नाही, पण प्रत्येक फोनवर खेळ एकदा रेंजमध्ये असताना उघडून साइन-इन करून घ्या. यजमान फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर जोडलेले फोन मागच्या मागे अपडेट उतरवत बसतात. त्याचं सिमही बंद ठेवा. मधेच फोन आला की खेळ मागे जातो आणि आत आलेली सगळी मुलं बाहेर फेकली जातात. येणाऱ्यांची परवानगी 'व्हिजिटर' करा. 'मेंबर' ठेवली तर चौकटीवर नुसतं बोट लागलं की चित्र फिरतं, आणि बोट दाबून धरलं तर निघूनच येतं. साध्या फोनवर यजमानासह चार-पाच जणांपुढे जाऊ नका.

दुसरा प्रकार, फाइल देणं. जगाच्या सेटिंगमधून 'एक्स्पोर्ट' केलं की एमसीवर्ल्ड फाइल मिळते. ती मेमरी कार्डवरून, फोनवरून फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवता येते. कधी उतरवताना नावाच्या शेवटी झिप लागतं. ते काढून एमसीवर्ल्ड ठेवलं की टॅप करताच खेळ उघडतो. फाइल ज्याच्याकडे गेली तो त्याच्या प्रतीचा मालक असतो, तिथे 'व्हिजिटर'ची मर्यादा चालत नाही. म्हणून मूळ प्रत एका फोनवर आणि एका मेमरी कार्डवर, कुणालाही न देता ठेवा. ज्यांच्याकडे खेळच नाही त्यांच्यासाठी स्क्रीन रेकॉर्डिंग करून पाच मिनिटांची फेरी पाठवा. प्रत्येक चित्रासमोर निदान पाच सेकंद थांबा, घाईच्या फेरीत कोणाचंच चित्र दिसत नाही.

नवीन आवृत्तीत जतन केलेलं जग जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि वेगळ्या आवृत्तीचे फोन एकमेकांत जोडलेही जात नाहीत. कुणाकडे प्ले स्टोअरबाहेरून उतरवलेला खेळ असेल तर तो इथेच अडतो. चारही फोन आणि पाहुण्या गावांचे फोन एकाच दिवशी अपडेट करून मग आपोआप होणारं अपडेट बंद ठेवा. खेळ काढून पुन्हा टाकायची वेळ आली तर आधी एक्स्पोर्ट करा, कारण अनइन्स्टॉल केल्यावर फोनमधली जगं सहसा पुसली जातात. आणि फाइल बाहेर देण्याआधी प्रत्येक नाव तपासा: चित्रावर मुलाचं फक्त पहिलं नाव असावं, आडनाव, शाळा, गाव किंवा फोन नंबर नको, आणि घरच्यांनी हो म्हटलं नसेल तर ते चित्र दिलेल्या प्रतीत लावू नका.